खुंटीवरचं धोतर

चिंचवड,
ता. १८ ऑगस्ट १९५६

ती. शालनआत्यास,
यशवंतचा सा. नमस्कार वि. वि.

तुझे कार्ड मिळाले. गुडघा अजून दुखतो असे लिहितेस आणि त्याच कार्डात अजिंक्यताऱ्यावर चढून आल्याचेही लिहितेस, तेव्हा औषध कशासाठी पाठवावे ते कळेना. कुसुम बरी आहे. तिने परसात लावलेली दोडक्याची वेल शेजाऱ्यांच्या कौलांवर गेली आहे आणि दोडके कोणाचे यावरून दोन्ही घरांत सध्या फार गोड बोलणे चालू आहे. मी मॅनेजर झालो म्हणून तू पाठवलेला निळा टाय परवापर्यंत रोज घालत होतो. आता तो धुवायला पडला आहे. कारखान्यात टाय घालणारा मी एकटाच, त्यामुळे नवा माणूस मलाच मालक समजतो आणि मालकांना ते आवडत नाही.

एक वाईट बातमी आहे. आमच्याकडे पंपाचे भाग होतात हे तुला ठाऊक आहे. छताखालून एक लांब शाफ्ट फिरतो आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली एकेका लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, येतात. परवा दुपारी निघोज्याचा गेनू येळवंडे लेथवर असताना त्याच्या धोतराचा सोगा पट्ट्यात गेला. तो ओढून काढायला त्याने हात घातला. फोरमन रंगराव जवळच होते. त्यांनी काठीने पट्टा चाकावरून उतरवला म्हणून माणूस राहिला, पण डाव्या हाताची दोन बोटे गेली. मी त्याला ट्रकमधून पुण्याला दवाखान्यात नेले. आता धोका नाही.

मला चीड येते ती वेगळ्या गोष्टीची. गेल्या वर्षी आम्ही प्रत्येक कामगाराला खाकी अर्धी चड्डी आणि अंगासरशी बंडी दिली. यंत्राजवळ धोतर, उपरणे, कसलाही सैल कपडा चालणार नाही, अशी पाटी मी स्वतः रंगवून घेतली. गेनूने त्या दिवशी चड्डी घातली होती. आणि तिच्यावरून धोतर नेसला होता! याला काय म्हणावे?

फॅक्टरी इन्स्पेक्टर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चौकशीला येतील. तोवर मला लेखी खुलासा तयार करायचा आहे. मालक म्हणतात, कामगाराने जाणूनबुजून नियम मोडला, कारखान्याचा दोष नाही, एवढेच लिही. तसे लिहिले की गेनूला भरपाई मिळणार नाही आणि मालक त्याला कामावरही परत घेणार नाहीत. वाईट वाटते, पण त्यात खोटे काही नाही. नियम होता, पाटी होती, कपडे दिले होते. आणखी काय करायचे राहिले होते?

बाकी ठीक. तुझी माया रागाच्या रूपाने येते हे मला लहानपणापासून माहीत आहे. ती तशीच येत राहो.

तुझा,
यशवंत


सातारा,
ता. २१ ऑगस्ट १९५६

चि. यशवंत यास,
शालनआत्याचे अ. उ. आशीर्वाद.

माझा गुडघा माझा आहे. तो मी गडावर नेईन नाहीतर पलंगावर ठेवीन. तुझ्या पत्रातली दोन बोटं मात्र माझी नव्हेत आणि तुझीही नव्हेत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहिते.

नियम होता, पाटी होती, चड्डी होती. छान. फार नीटनेटकं पत्र आहे, मॅनेजर शोभतोस. पण सबंध पत्रात एक साधा प्रश्न नाही. अंगात चड्डी असताना माणूस तिच्यावरून धोतर का नेसेल? हौसेनं? त्याला मूर्ख ठरवण्याआधी त्याला काय अडलं होतं हे विचारायचं असतं. विचारलंस?

मी सोलापूरला मिशनच्या दवाखान्यात लागले त्या वर्षी नर्सांच्या अंगावर नऊवारीच्या जागी झगा आला. पोटऱ्या उघड्या! मी कॉन्व्हेंटमध्ये झगे घालूनच वाढले होते, मला त्याचं काही वाटलं नाही. पण गावातल्या पोरी झग्यावरून लुगडं गुंडाळून वॉर्डात यायच्या आणि पदर जाऊन रोग्याच्या जखमेवर लोळायचा. मोठे डॉक्टर दंड करायला निघाले. आमच्या थोरल्या सिस्टरबाईंनी त्यांना थांबवलं आणि पोरींना नुसतं विचारलं, की बाळांनो, घरून निघताना काय होतं? तेव्हा कळलं, की रस्त्यात चुलत सासरे बसतात, दुकानदार हसतात, सासू दारातून परत फिरवते. सिस्टरबाईंनी कोळशाची खोली रिकामी केली, भिंतीला खुंट्या ठोकल्या, दाराला आतून कडी लावली. दुसऱ्या दिवशी सगळी लुगडी खुंट्यांवर! दंड करायला डॉक्टरांना कुणी मिळालंच नाही, आणि ते बरेच दिवस हिरमुसले होते.

आता मला सांग. तुमच्याकडे माणसानं घरचं धोतर कुठं सोडायचं? सोडल्यावर ठेवायचं कुठं? आणि पट्ट्याला जाळी होती का? तुझ्या पत्रात मला ती कुठं दिसली नाही. तू लिहायला विसरलास, की कारखाना लावायला विसरला?

दवाखान्याच्या धोबीखान्यात यंत्र आलं तेव्हा मला तो फॅक्टरीचा कायदा वाचावा लागला होता. कामगारानं दिलेली साधनं वापरावीत, जाणूनबुजून जीव धोक्यात घालू नये, हे त्यात आहे, आणि ते बरोबरच आहे. पण फिरत्या भागाला आवरण घालणं मालकाकडे आहे, आणि घरचे कपडे ठेवण्याच्या सोयीचाही विषय त्यातच आहे. तू कामगाराचं पान पाठ केलंस. मालकाचं पान अजून चिकटलेलंच दिसतं.

कुसुमला आशीर्वाद. दोडके शेजाऱ्यांना देऊन टाक म्हणावं, मोठे होऊन शिरा धरतील.

माया आहे. ती कडू लागली तर गुळाच्या खड्याबरोबर घ्यावी.

शालनआत्या


चिंचवड,
ता. २४ ऑगस्ट १९५६

ती. शालनआत्यास,
यशवंतचा सा. नमस्कार वि. वि.

गुळाचा खडा घेतला. तरी पत्र कडूच लागले.

पट्ट्याला जाळी आहे. ती गुडघ्याच्या उंचीपासून वर आहे. खाली लोखंडाचा कीस साचतो, तो झाडून काढता यावा म्हणून खालचा भाग मोकळा ठेवला आहे. शहाण्या माणसाचा हात तिथे जात नाही. कपडे बदलायला वेगळी खोली नाही. मी मालकांकडे सहज विषय काढला, तर ते म्हणाले, की हा कारखाना आहे, लग्नाचे बिऱ्हाड नव्हे. माल ठेवायला जागा पुरत नाही आणि तुम्ही धोतरांना खोल्या मागता!

तुझ्या म्हणण्याप्रमाणे मी गेनूलाही विचारले. दवाखान्यात त्याच्या खाटेजवळ बसलो आणि धोतर का नेसलास ते सांग, असे स्पष्ट म्हणालो. तो भिंतीकडे तोंड करून एवढेच म्हणाला, की चूक झाली सायेब, दुसरं काय न्हाई. रंगरावांना विचारले, तर ते पागोटे सावरत म्हणाले, की ही खेड्यातली माणसे, यांना किती सांगायचे! तेव्हा माणूस स्वतःच चूक कबूल करतो, फोरमनही तेच म्हणतो. मी यापलीकडे काय खणायचे?

खुलाशाचा मसुदा तयार आहे. सही तेवढी राहिली आहे. तुझे पत्र वाचल्यापासून लेखणी जरा जड वाटते, हा तुझा विजय समज. मालकांनी तीनदा विचारले.

रागाव, पण लिहिणे सोडू नकोस.

तुझा,
यशवंत


चिंचवड,
ता. २६ ऑगस्ट १९५६

ती. आत्याबाईंस,
कुसुमचा कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तर पाठवाल तेव्हा दोडक्यांबद्दलच पाठवलंत असं दिसू द्या.

काल मी पेज घेऊन दवाखान्यात गेले होते. गेनू झोपला होता. त्याची बायको सरुबाई बाहेर पायरीवर बसली होती. आधी ती मॅनेजरीणबाई म्हणून लांब सरकून बसली. मग मी तिच्या डोक्याच्या तेलाची चौकशी केली, माझ्या दोडक्याचं सांगितलं, तेव्हा ती हसली आणि मग तिच्या तोंडाला खळ राहिला नाही.

निघोज्याहून ही माणसं सायकलींवर येतात. वाटेत मोशी लागते, आणि मोशी ही गेनूची सासुरवाडी. रस्त्याच्या कडेला पार आहे आणि पारावर सकाळी त्याचा सासरा बसलेला असतो. गेल्या साली अधिक महिना झाला, तेव्हा सासऱ्यानं जावयाला जेवायला बोलावून चांगलं काठाचं धोतर दिलं. सरुबाई म्हणाली, की बाई, त्या म्हाताऱ्यापुढनं उघड्या मांड्यांनी सायकल हाणत जायचं व्हय? जावई हाय का शाळकरी पोर! म्हणून सगळे घरून धोतरातच निघत आणि कारखान्याच्या मागच्या भिंतीआड, राखेच्या ढिगाजवळ, धोतर सोडून चड्डीत कामाला जात. धोतराची घडी तिथंच भिंतीच्या कोनाड्यात ठेवत. असं सगळं बरं चाललं होतं.

मग उन्हाळ्यात हुकूम आला, की भिंतीआड कुणी कपडे सोडायचे नाहीत. पहारेकरी मुरारी तिथं काठी घेऊन उभा राहू लागला. तेव्हापासून माणसं घरूनच चड्डीवर धोतर नेसून येतात आणि आत लेथपाशी धोतर सोडून खिडकीच्या गजाला अडकवतात. गेनूनंही अडकवलं. संध्याकाळी बघतो, तर सासऱ्याचं काठाचं धोतर कुणीतरी चिंधी समजून यंत्र पुसायला घेतलेलं, तेलानं काळं! घरी सरुबाई रडली. दुसरं धोतर आणलं, त्या दिवसापासून ते काही त्यानं अंगावरून उतरवलं नाही. रंगरावांनी बघून न बघितल्यासारखं केलं, कारण काम थांबायला नको होतं.

आत्याबाई, तो भिंतीचा हुकूम कुणाचा ते मी सरुबाईला विचारलं. ती पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघत राहिली. मला उत्तर कळलं. मुंबईचे कुणी गिऱ्हाईक यायचे होते आणि रस्त्यावरून ती माणसं दिसतात म्हणून हे त्या दिवशी घरी चिडले होते, ते मला आठवलं. यांना स्वतःला त्याचं काही आठवत नसावं. हे मी यांना कसं सांगू? सांगितलं तर बायकोनं पढवलं म्हणतील. तुम्हीच काहीतरी करा.

मुलीसारखी समजून घेत आलात, तशीच समजून घ्या.

कुसुम


सातारा,
ता. २८ ऑगस्ट १९५६

श्री. गेनू येळवंडे यास,
आशीर्वाद.

मी तुमच्या मॅनेजरसाहेबांची आत्या. हे पत्र माझी भाचेसून कुसुम तुला आणून देईल. मी नर्स होते, म्हणून आधी तेवढं: हात उशीवर उंच ठेव, खाली लोंबवू नकोस. पट्टीखाली खाज आली तर आनंद मान आणि खाजवू नकोस.

आता दुसरं. मला सगळं कळलं आहे. यंत्रापाशी धोतर नेसून उभा राहिलास ही तुझी चूक आहे आणि ती मी तुला माफ करणार नाही. पाटी वाचता येते तुला. धोतर मळलं तर धुता येतं, बोट धुवून परत येत नाही. खिडकीच्या गजाला ठेवायची सोय राहिली नाही, तर सगळ्यांनी मिळून साहेबापुढं जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, की आम्हाला जागा द्या. तोंड दिलं आहे ना देवानं?

पण तू साहेबाला म्हणालास, की चूक माझी, दुसरं काही नाही. तिथं तू खोटं बोललास. तुझ्या वाट्याची चूक तू घे. दुसऱ्याच्या वाट्याची उचलून घ्यायचा तुला कुणी हक्क दिलेला नाही. इन्स्पेक्टरसाहेब विचारतील तेव्हा भिंतीचं सगळं सांग.

सरुबाईला सांग, पेज संपव म्हणावं, नवऱ्याच्या काळजीनं उपाशी बसू नये.

रागावते म्हणून परकी समजू नकोस.

शालनबाई


पुणे, दवाखाना,
ता. १ सप्टेंबर १९५६

ती. मोठ्या बाईसायेबास्नी,
निघोज्याच्या गेनूचा दंडवत.

माजी चौथी झाली हाय आन् लिव्हायचा हात शाबूत हाय, म्हून पत्र सोता लिव्हतो. शुद्धलेखन पोटात घाला. खाज येती. खाजवत न्हाई.

बाईसायेब, तुमी बोलला ते समदं खरं. जागा मागाय पायजे व्हती. पर आमी निघोज्याची मानसं, पाटलाम्होरं बी कोपऱ्यात हुबी ऱ्हातो. चड्डी घालाय लाज वाटती म्हून खोली द्या, आसं कुनी कसं म्हनावं? लाज वाटती हे सांगायची बी लाजच की.

इनस्पेक्टरला भिताडाचं सांगायचं न्हाई आसं मी ठरिवलं हाय. दोन कारनं हायती. येक, माजं धोतर खराब झाल्यापास्नं बाकीचे गडी बी धोतरावरच हुबे ऱ्हायचे, माज्या बोटापायी त्येंच्या पोटावर पाय नको. दुसरं आसं, की त्या दिशी टरकात माजं डोस्कं मांडीवर घिऊन पुन्यापतूर सायेबच बसले व्हते. गळ्यातला निळा पट्टा सोडून त्येनीच माज्या मनगटाला आवळून बांधला, म्हून रगात थांबलं. डागदर म्हनले, बांधनारा शाना व्हता. सारी वाट सायेब मला इचारत व्हते, की गेनू, तुज्या बैलांची नावं काय. मी झोपू नये म्हून. त्या मानसाचं नाव मी सरकारी कागदावर घेनार न्हाई. तुमी बी त्यास्नी सांगू नका, तुमाला बैलांची आन हाय.

येकच इचारायचं हाय. तुमी नरस व्हता. ऱ्हायलेल्या तीन बोटांनी हत्यार धराय येईल का? मला लेथ सोडून दुसरं काम येत न्हाई, आन् लेथ मला आवडतो.

सरूनं पेज पिली. आमच्यावर दया धरा, आन् राग धरला तरी चालंल.

गेनू


सातारा,
ता. ३ सप्टेंबर १९५६

चि. यशवंत यास,
शालनआत्याचे अ. उ. आशीर्वाद.

मला एका माणसानं त्याच्या बैलांची शपथ घातली आहे, म्हणून मी तुला काही सांगणार नाही. फक्त एक काम सांगते. ते सही करण्याआधी कर.

पत्र मिळाल्याबरोबर कारखान्याच्या मागच्या भिंतीआड जा. राखेचा ढीग आहे तिथं. पहारेकरी मुरारीला विचार, की तू इथं काठी घेऊन का उभा असतोस आणि तुला इथं कुणी उभं केलं. उत्तर ऐकून झालं, की तिथंच थोडा वेळ उभा राहा. मग रंगरावांना विचार, की यंत्र पुसायच्या चिंध्यांमध्ये काठाचं धोतर कुठून आलं. पागोटं सावरायला लागले तर सावरू दे आणि पुन्हा विचार.

खुलाशात काय लिहायचं हे मी सांगणार नाही. तू लहान नाहीस आणि कारखाना माझा नाही. एवढंच म्हणते, की मॅनेजर म्हणजे मालकाचा शिक्का नव्हे. यंत्राचा धोका जसा कामगाराच्या हाताला असतो, तसा तुझ्याही हाताला आहे. फक्त तुझा हात सही करताना सापडतो.

निळ्या टायचं मला कळलं. तू सांगितलं नाहीस. तो टाय मी फार पारखून घेतला होता आणि त्याचं असं चीज होईल असं दुकानदाराला सुचलं नसेल. चांगलं बांधलंस. पण आता विचार कर, तोच टाय गळ्यात लोंबवून तू रोज त्या पट्ट्यांजवळ वाकत होतास. सैल कपडा नको ही पाटी तुझी तूच वाचली होतीस ना?

या पत्रावर उलट पत्र आलं नाही तरी माझी माया कमी होणार नाही. आलं तर मात्र बरं वाटेल.

शालनआत्या


चिंचवड,
ता. ११ सप्टेंबर १९५६

ती. शालनआत्यास,
यशवंतचा सा. नमस्कार वि. वि.

भिंतीआड गेलो. मुरारीला विचारले. त्याने काठी बाजूला ठेवली आणि फार अदबीने सांगितले, की हुकूम आपलाच, साहेब. मी खरोखर विसरलो होतो, आत्या. दोन वाक्यांचा हुकूम होता, चहा पिता पिता दिलेला. माणसे कुठे जातील हे मी विचारले नव्हते, कारण ती रस्त्यावरून दिसेनाशी झाली होती. रंगरावांनी पागोटे दोनदा सावरले आणि तिसऱ्यांदा काढून मांडीवर ठेवले. मग सगळे सांगितले.

मसुदा फाडला आणि नवा लिहिला. जाळी खाली मोकळी होती. कपडे सोडायला जागा नव्हती. माणसांनी आपली जागा शोधली होती, ती मी बंद केली. कामगाराने नियम मोडला, आणि तो मोडलेला फोरमन आणि मॅनेजर रोज बघत होते. एवढेच लिहिले, खाली सही केली.

मालकांनी वाचले. कागद टेबलावर उलटा ठेवला. मग म्हणाले, की यशवंतराव, तुम्ही पगार कोणाचा घेता? मी म्हणालो, की तुमचाच, म्हणून लिहिले. पुढचा माणूस गेनूसारखा वाचेलच असे नाही, आणि तेव्हा हा कागद लिहायला मी नसेन. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि तुमच्या नावाने द्या म्हणाले.

इन्स्पेक्टर आले. मध्यम वयाचा, अबोल माणूस. त्यांनी कागद वाचला आणि लेथजवळ जाऊन सरळ जमिनीवर मांडी घातली, जाळीखालून हात घालून बघितला. जाळी जमिनीपर्यंत न्या, कपड्यांची खोली करा, आणि आजपासून धोतर नेसलेला माणूस यंत्राजवळ दिसता कामा नये, असे लिहून दिले. नंतर ते दवाखान्यात गेनूकडे गेले. तिथेही त्याने चूक आपलीच म्हणून सांगितले. इन्स्पेक्टर म्हणाले, की हो, तुझीही आहे, पण तुझ्या साहेबांनी त्यातली बरीच स्वतःकडे घेतली आहे, तेव्हा तू आता हट्ट करू नकोस. जाणूनबुजून हा शब्द त्यांनी कुठेही लिहिला नाही. त्याची भरपाई अडणार नाही.

माझे मात्र माहीत नाही. मालक माझ्याशी चिठ्ठीने बोलतात. दिवाळीनंतर मला ठेवतील की नाही, सांगता येत नाही. कुसुम म्हणते, दोडके विकू.

तुझ्या मायेची गोडी मला या खेपेस उशिरा लागली. तरी लागली.

तुझा,
यशवंत


सातारा,
ता. १४ सप्टेंबर १९५६

चि. यशवंत यास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. काढून टाकलं तर साताऱ्याला ये. गडावर जाताना माझी पिशवी धरायला माणूस हवाच आहे.

गेनूला सांग, अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं शिल्लक असतील तर हत्यार धरता येईल. रोज ओली कणीक मळायला लाव त्याला. सरुबाईलाही बरं पडेल.

शालनआत्या


चिंचवड,
ता. ९ डिसेंबर १९५६

ती. आत्याबाईंस,
कुसुमचा कृ. सा. न. वि. वि.

नोकरी राहिली, हे यांच्या कार्डावरून कळलं असेलच. मालक अजून तुटक बोलतात, पण शेजारच्या कारखान्यात तशीच तपासणी झाली आणि तिथं खूप काही निघालं, तेव्हापासून आमच्या मालकांनी आपली जाळी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला सुरुवात केली आहे. कपड्यांची खोलीही दाखवतात. कल्पना त्यांचीच होती असं ऐकते.

खोली सायकलींच्या पडवीत झाली. प्रत्येकाची खुंटी, दाराला आतून कडी. गेनू मागच्या महिन्यात लेथवर परत आला. कणकेचा त्याला इतका सराव झाला आहे, की सरुबाई म्हणते, आता भाकरी बी हेच करत्यात, मी निस्ती बसती. रंगरावांनी पाटीखाली आणखी एक ओळ रंगवली: साहेब असो वा कामगार. त्यामुळे आता हेही खाकी अर्धी चड्डी घालून आत फिरतात. पण साहेब ते साहेबच! हे आपली विजार त्या खोलीत ठेवत नसत, ऑफिसच्या कपाटात ठेवत.

आता खरी बातमी. गेल्या गुरुवारी माझे वडील अचानक आले. जावयाचा कारखाना बघायचा म्हणून घरी पाणीही न पिता तडक तिकडे गेले, आणि शिपायानं त्यांना बसवलं कुठं, तर ऑफिसात, कपाटाशेजारी! यांना आत निरोप आला, की सासरे आलेत. तुमचे भाचे चड्डीत! हे कपड्यांच्या खोलीत जाऊन उभे राहिले, ना पुढं ना मागं. तिथं गेनू पाणी प्यायला आला होता. त्यानं यांच्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, आणि खुंटीवरचं आपलं धोतर काढून यांच्या हातात दिलं. म्हणाला, की सायेब, नेसा, मला ठावं हाय.

धोतर नेसून हे मोठ्या ऐटीत वडिलांसमोर गेले, पाया पडले आणि बोलत बोलत त्यांना यंत्रं दाखवायला घेऊन निघाले. दारात गेनू आडवा उभा! डावा हात वर केलेला, तो दोन बोटं नसलेला. म्हणाला, की सायेब, धोतर आत चालत न्हाई. तुमचं बी न्हाई, पाव्हन्यांचं बी न्हाई. रंगराव म्हणे पागोट्यात तोंड लपवून हसत होते. यांनी आधी गेनूच्या हाताकडे बघितलं. मग वडिलांच्या समोर धोतर सोडलं, घडी केली, गेनूच्या खुंटीवर अडकवलं आणि चड्डीत आत गेले. वडील उंबऱ्याबाहेर उभे राहून, मान लांब करून, सगळा कारखाना बघत राहिले.

यांनी हे घरी सांगितलंच नाही. मला वडिलांकडून कळलं. रात्री पानावर बसल्यावर ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, की जावईबापूंच्या पोटऱ्या अगदीच काटक्या आहेत गं, तूप वाढत जा. मग थोडं जेवून झाल्यावर म्हणाले, की पण ज्या कारखान्यात मजूर साहेबाला दारात अडवतो आणि साहेब थांबतो, तिथं पोरगी दिलेली आहे, मला काळजी नाही.

दुसऱ्या दिवसापासून यांची विजार गेनूच्या शेजारच्या खुंटीवर असते. ती खुंटी गेनूनंच ठोकली. जरा वाकडी आहे, पण पक्की आहे.

तुमचा गुडघा थंडीत जपा. गडावर जायचं तर आम्ही संक्रांतीला येतो, पिशवी हे धरतील. तुमच्या मायेतला आमचा वाटा तोवर झाकून ठेवा.

कुसुम